दुखण्याचे अकरा शब्द

माणूस दुखण्याबद्दल खोटं बोलतो, हे दुभाषीबाईंना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी ते कुणाला विसरू दिलं नाही. कुणी वाढवून सांगतं, कुणी दाबून सांगतं. वाढवणारा निदान स्वतःच्या सोयीसाठी वाढवतो. दाबणारा कशासाठी दाबतो, देव जाणे. बाईंचा राग मात्र सगळाच्या सगळा वाढवणाऱ्यांवर होता. दाबणाऱ्यांचं त्यांना कौतुकच वाटायचं. तिथेच चुकलं, असं आता म्हणायला सोपं आहे.

नोकरी एका मोठ्या इस्पितळातली, तातडीच्या विभागात. आपली माणसं त्या शहरात पुष्कळ, पण इंग्रजी बेताचं. दुकानापुरतं, बसपुरतं, साहेबाला हो म्हणण्यापुरतं. दुखायला लागलं की तेवढंही पळून जायचं, मग बाईंना बोलावणं. रोगी मराठीत सांगणार, बाई ते इंग्रजीत सांगणार. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, बाई मराठीत विचारणार. ऐकायला सोपं वाटतं. एक दिवस करून बघा म्हणजे कळेल.

दारातून आत आलं की डाव्या हाताला काचेची खिडकी, खिडकीत सिस्टर, आणि सिस्टरच्या पाठीमागे भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेला एक तक्ता. त्यावर दुखण्याचे अकरा इंग्रजी शब्द: डल, एकिंग, थ्रॉबिंग, क्रॅम्पिंग, बर्निंग, प्रिकिंग, शूटिंग, शार्प, स्टॅबिंग, क्रशिंग, टिअरिंग. आलेल्या माणसाच्या दुखण्याला यातला एक शब्द लावायचा, दहापैकी एक आकडा लावायचा, आणि त्यावरून सिस्टर ठरवणार की कोण आधी आत आणि कोण खुर्चीवर. अकरा शब्दांत अख्ख्या जगाचं दुखणं बसवायचं म्हणजे थट्टाच आहे, पण खिडकीचं काम त्यावर चालायचं.

बाईंनी हे अकरा शब्द मराठीला असे चपखल बसवले होते की डॉक्टरही त्यांना विचारून घ्यायचे. डोकं ठणकतं ते थ्रॉबिंग. जखम ठसठसते तेही त्यातच, फक्त आकडा कमी. पोटात मुरडा येतो ते क्रॅम्पिंग. सुया टोचल्यासारखं होतं ते प्रिकिंग. कमरेतून चमक निघून पायात उतरते ते शूटिंग, आणि दाढेतून कानात तिडीक जाते तेही शूटिंगच. शार्प हा शब्द म्हणजे ताकात पाणी. कळ आली, शार्प. उसण भरली, शार्प. काटा रुतला, शार्प. येणारा प्रत्येक जण शार्प म्हणतो, म्हणून शार्पला खिडकीवर काडीची किंमत नव्हती. स्टॅबिंग म्हणजे सुरा खुपसल्यासारखं. ते ऐकून सिस्टर मान वर करायची. क्रशिंग म्हणजे छातीवर कुणी बसून दाबल्यासारखं. त्याला ती खुर्चीवरून उठायची.

राहिला टिअरिंग. फाटल्यासारखं, आतून चिरत गेल्यासारखं. बावीस वर्षांत बाईंच्या तोंडून हा शब्द तीनदा निघाला होता. पहिल्यांदा निघाला तेव्हा त्या नवख्या होत्या. कपडे शिवणारी एक बाई दोन खांद्यांच्या मधे हात पोचवायला बघत म्हणाली होती, "ताई, जाड कापड टर्रकन फाडावं ना, तसं गेलं बघा आतून." बाईंनी आहे तसं सांगितलं आणि डॉक्टर धावला. खरोखर धावला, हातातला कप तिथेच टाकून. ती शिवणवाली वाचली. मग दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरने बाईंना बाजूला घेतलं. हृदयातून निघणारी मोठी नळी आतून चिरत जाते तेव्हा माणूस हा शब्द बोलतो, तो म्हणाला. आणि पहिली कळ पुष्कळदा ओसरते. माणसाला वाटतं, सुटलो. तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असतो.

हे सगळं बाईंना पाठ होतं.

आता आपली माणसं. ती काय कमी हुशार? कुणाच्या तरी ध्यानात आलं की क्रशिंग म्हटलं की दार उघडतं. सलूनवाल्याला ते कळलं, आणि त्याला कळलं म्हणजे गावाला कळलं. दाढीला साबण लावता लावता तो गिऱ्हाइकाला पढवायचा: खिडकीवर जायचं, छातीला हात लावायचा, क्रशिंग म्हणायचं, दोन तासांचं काम पाच मिनिटांत. एकदा एक काका आले. गाल सुजून टम्म. "क्रशिंग," म्हणाले. "कुठे?" सिस्टरने विचारलं. काकांची पंचाईत झाली, कारण हात लावायचं ते विसरले होते. "दाढेत," म्हणाले बिचारे.

बाईंना हसू आलं आणि मग संताप आला. त्या दिवशी खुर्चीवर एक म्हातारा खराखुरा छाती धरून बसला होता आणि त्याचा नंबर मागे जाता जाता राहिला. संध्याकाळी बाई थेट सलूनमध्ये गेल्या आणि अर्ध्या दाढ्या झालेल्या चार पुरुषांसमोर त्यांनी सलूनवाल्याची अशी हजामत केली की महिनाभर तो त्यांना बघून शटर ओढायचा. दुसऱ्या दिवशी त्या सिस्टरशी बोलल्या. "आमची माणसं शब्द पाठ करून येतात," त्यांनी सांगितलं. "शब्दावर जाऊ नकोस. आधी तोंड बघ. खरं असेल तर तोंडावर दिसतं. शंका आली तर पुन्हा विचार."

सिस्टर सरळ बाई होती, त्या खिडकीत अठरा वर्षं काढलेली. तिने ते मनावर घेतलं. तेव्हापासून मराठी माणूस समोर आला की ती शब्दाआधी त्याचं तोंड बघायची. लांडगा आला रे आला व्हायच्या आतच बाईंनी बंदोबस्त करून टाकला होता, आणि याचा त्यांना अभिमान होता. का नसावा? खिडकीवर गोंधळ कमी झाला. खऱ्या आजाऱ्याला दार लवकर उघडायला लागलं.

नव्या दुभाष्यांना शिकवायचं कामही बाईंकडेच होतं. त्यांचे दोन नियम. सांगितलं तेवढंच सांगायचं, रोग्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही. आणि नात्यातल्या माणसासाठी कधी बोलायचं नाही. तिथे फोनवरचा दुभाषी लावायचा. हा दुसरा नियम इस्पितळाचाच होता, पण बाई तो जास्त जोरात शिकवायच्या. घरचं माणूस कधी खरं सांगत नाही, त्या म्हणायच्या. माया मधे येते.

बाईंचा नवरा सुतार. लाकडी जिने करायच्या कारखान्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. माणूस थट्टेखोर, पण स्वतःच्या दुखण्याबाबत मुका. करवतीत करंगळीचं टोक गेलं तेव्हा फडक्यात हात गुंडाळून स्वतः चालत दवाखान्यात गेले आणि दहापैकी किती, तर म्हणे पाच. "दहा कशाला ठेवायचे मग?" बाईंनी विचारलं. "अख्खा हात गेला तर लागतील की," ते म्हणाले. रात्री जेवताना बाई दिवसभरातले नमुने सांगायच्या, नावं न घेता. "आज किती क्रशिंग?" सुतार पानावर बसल्या बसल्या विचारायचे, आणि दाढेतल्या क्रशिंगची गोष्ट तर त्यांनी इतक्यांदा सांगायला लावली होती की लेक कानावर हात ठेवायची. लेक आता लग्न होऊन दूरच्या शहरात होती. घरात दोघंच.

मंगळवारी सकाळी पावणेआठला बाई ओट्याशी डबे भरत होत्या. सुतार आत पलंगाच्या कडेला बसून बूट घालत होते. "पोळ्या तीन देऊ की चार?" बाईंनी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही, म्हणून त्या खोलीत डोकावल्या.

ते तसेच वाकून बसले होते, बुटाची नाडी दोन्ही हातांत धरून. मानेवरून घाम ओघळत होता. तोंडावरचा रंग उतरून राखेसारखा झाला होता.

"अहो, काय होतंय?"

"थांब जरा." बराच वेळ ते हललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "पाठीत. दोन खांद्यांच्या मधे. फळीत पाचर ठोकली की तडा जातो ना, रेषेरेषेने, वरून थेट खाली? तसं गेलं काहीतरी."

शिवणवाली डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, तर तो गार आणि ओला.

पाच-दहा मिनिटांनी सुतार सरळ बसले. तोंडावर रंग आला. त्यांनी नाडी बांधली, दुसरीही बांधली. "गेलं बघ," म्हणाले. "सुंठीवाचून खोकला गेला. चार दे पोळ्या."

"पोळ्या गेल्या खड्ड्यात. उठा, इस्पितळात जायचं."

"अगं, काल तो ओकचा खांब उचलला एकट्याने. उसण भरली असेल."

"उठता की मी कारखान्यात फोन करून तुमच्या चार दोस्तांना बोलावू उचलून न्यायला?" बाई म्हणाल्या. हे त्या करतील याची सुतारांना खात्री होती, म्हणून ते उठले.

टॅक्सीत बाईंनी त्यांचा हात सोडला नाही. सुतार खिडकीबाहेर बघत होते, शीळ घालायचा प्रयत्न करत होते. बाई म्हणाल्या, "तिथे गेल्यावर मला सांगितलंत तसंच सांगायचं. फळीचं, तड्याचं, सगळं."

"बघ, बघ," सुतार हसले. "पढवायला लागलीस. सलूनवाल्याने धंदा तुला विकला की काय?"

"मी पढवत नाहीये. तुमचेच शब्द आहेत."

"होते. आता नाही ना दुखत. आता तिथे जाऊन तडे आणि पाचरी सांगू, दार उघडून घेऊ आणि खऱ्या आजाऱ्याच्या डोक्यावरून आत जाऊ? तुझ्या खिडकीवर? बावीस वर्षं ऐकतोय मी तुझं. माझ्यापायी तुझी मान खाली जायची नाही, काळजी करू नकोस."

एरवी हे वाक्य ऐकून त्यांचा ऊर भरून आला असता. आज नुसती भीती वाटली, आणि ती त्यांनी दाबून टाकली, कारण समोर टॅक्सीवाला होता आणि रस्ता मोकळा होता आणि दहा मिनिटांत पोचायचंच होतं.

खिडकीवर नेहमीची सिस्टर होती. बाईंना बघून हसली, मग शेजारी सुतारांना बघून हसणं आवरलं. नाव, वय, भाषा. भाषा मराठी, म्हणजे दुभाषी लागणार; नवरा, म्हणजे बाई चालणार नाहीत. सिस्टरने फोन काचेच्या भोकाशी ठेवून बटण दाबलं. पलीकडून आवाज आला आणि बाईंनी तो ओळखला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, दोन मुलांची आई, वर्गात सगळ्यात नेटकी. तिच्या वहीला बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

"काका, नमस्कार. कुठे दुखतंय आणि कसं दुखतंय, तुमच्या शब्दांत सांगा," फोनवाली म्हणाली. अगदी जसं शिकवलं होतं तसं.

"काही नाही हो ताई," सुतार म्हणाले. "जरा पाठ धरलीय. काल वजन उचललं. उसण भरली असेल."

फोनवालीने ते इंग्रजीत सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

"आत्ता दहापैकी किती?"

"तीन. बरं, लिहा चार. बायको शेजारी उभी आहे, तिचा एक धरा."

फोनवालीने हेही सांगितलं, आणि सिस्टर हसली. शार्प, तिने लिहिलं. चार. उजव्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. बरा होता.

तेव्हा बाई बोलल्या. काचेला तोंड लावून इंग्रजीत बोलल्या. सकाळी हे असं म्हणाले नाहीत, त्यांनी सांगितलं. सकाळी म्हणाले आतून तडा गेला, वरून खाली. टिअरिंग. दोन खांद्यांच्या मधे. टिअरिंग म्हणाले.

सिस्टरने सुतारांच्या तोंडाकडे बघितलं. नीट, निरखून बघितलं. सुतार लाजल्यासारखे उभे होते, गालावर रंग होता, हात खिशात. मग तिने बाईंकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. कणव होती. तेच वाईट होतं. "यांना विचार," ती फोनला म्हणाली, "दुखणं फाटल्यासारखं होतं का?"

"काका, दुखणं फाटल्यासारखं होतं का?"

सुतारांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनी विनवलं, हो म्हणा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या तोंडात शब्द घालायचा प्रयत्न केला, आणि तो नेमका सुतारांनी ओळखला.

"नाही, नाही," ते फोनला म्हणाले. "तिचं काळीज चिमणीचं आहे हो. पाठ धरलीय, बास."

"खोटं बोलताय तुम्ही," बाई मराठीत म्हणाल्या. आवाज चढला होता. खुर्च्यांवरची दोन-चार तोंडं वळली.

फोनवाली क्षणभर गप्प झाली. तिनेही आवाज ओळखला असणार. बाईंना वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. या बाई उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत, एवढं तरी म्हणेल. पण ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि न सांगितलेलं सांगायचं नाही. तिने सुतारांचं वाक्य इंग्रजीत केलं, चिमणीसकट.

"हे तूच मला शिकवलंस ना," सिस्टर हळूच बाईंना म्हणाली. "आपल्या माणसाचं असलं की असं होतं. बसा दोघं. तासाभरात बोलावतील."

खुर्च्या निळ्या होत्या, एकमेकींना जोडलेल्या. सुतार बसले आणि म्हणाले, "बघ, अब्रू राखली तुझी." त्यांच्या गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र होतं. समोरच्या कर्मचाऱ्यांच्या दाराला ते टेकवलं की दार उघडणार, आत वीस पावलांवर डॉक्टर. वशिल्याने मागच्या दाराने आत घुसणाऱ्यांना त्यांनी बावीस वर्षं नावं ठेवली होती. त्या बसून राहिल्या. दहा मिनिटं बसल्या. पंधरा झाली. उसणच असेल, त्या स्वतःला म्हणाल्या. ओकचा खांब काय हलका असतो? मग फळीचा तडा आठवायचा आणि त्या पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या.

नऊ वाजले. बाईंची कामाची वेळ सुरू झाली, तशी आतून हाक आली. तीन नंबरच्या पलंगावर मराठी आजीबाई, कान दुखतोय.

"जा," सुतार म्हणाले. "मी कुठे पळून चाललोय? जा, तुझी वाट बघतायत."

आणि बाई गेल्या. हे त्यांना पुढे कुणी विचारलं नाही, पण त्या स्वतःला रोज विचारतात. त्या गेल्या. आजीबाईंच्या कानात तिडीक होती. सलग की थांबून थांबून, बाईंनी विचारलं. गिळताना वाढते का, झोपल्यावर वाढते का. आजीबाई रमतगमत सांगत होत्या, सुनेच्या कागाळ्याही मधे येत होत्या, आणि बाई त्यातून कानापुरतं वेचून डॉक्टरला देत होत्या, नेमकं, स्वच्छ. अठरा मिनिटं गेली. त्या अठरा मिनिटांत त्यांच्याकडून एकही चूक झाली नाही.

बाहेर आल्या तेव्हा सुतार खुर्चीत तिरके झाले होते. डाव्या मांडीवर हाताने चापट्या मारत होते. "झोपलाय पाय," ते म्हणाले. "उठतच नाही बघ." बोलताना त्यांची जीभ जड झाल्यासारखी वाटली. बाईंनी पायाला हात लावला. सकाळच्या हातासारखाच गार.

मग मात्र त्यांनी कसला विचार केला नाही. दाराला कार्ड टेकवलं, आत शिरल्या, कानवाल्या आजीबाईंच्या पलंगापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरची बाही धरली आणि म्हणाल्या, "टिअरिंग. पाठीत, पावणेआठ वाजता, आता पाय गार. माझा नवरा आहे. नियम मला ठाऊक आहे. चल."

हा डॉक्टरही धावला. दोन्ही दंडांचा रक्तदाब घेतला तर दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक. चाकांचा पलंग आला, चार माणसं आली, कुणीतरी सुतारांचा शर्ट कात्रीने कापला. सिस्टर खिडकीतून उठून बाहेर आली होती, तोंडावर हात घेऊन उभी होती. पलंग वळणावर गेला तेव्हा सुतारांनी मान उचलून बायकोला शोधलं. ती दिसली तसे ते काहीतरी म्हणाले, पण चाकांच्या आवाजात ते बाईंना ऐकू आलं नाही.

साडेअकराला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बाहेर आला. डोक्यावरची टोपी त्याने हातात घेतली होती, त्यावरूनच कळलं. नळी पोटापर्यंत चिरली होती, तो म्हणाला. छाती उघडायच्या आतच फुटली. बाईंनी विचारलं, तासभर आधी आत घेतलं असतं तर? डॉक्टर टोपीकडे बघत राहिला. "तसं सांगता येत नाही," तो म्हणाला. लोक दाबून कसं बोलतात ते बाईंना चांगलं कळत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्यांना एका छोट्या खोलीत बसवलं. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर रुमालांचा डबा आणि सुतारांचे बूट. सिस्टर येऊन बसली आणि नुसती रडली. "मी त्यांचं तोंड बघितलं होतं," ती परत परत म्हणत होती. "तू सांगितलंस तसं नीट बघितलं होतं." बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. दुसरं काय करणार? तिला दोष द्यावा तर तो फिरून आपल्याच दारात येतो, हे त्यांना दिसत होतं. सिस्टरला हाक आली, ती डोळे पुसून खिडकीवर गेली.

मग बाईंचा फोन वाजला. फोनवाली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "मी ओळखलं होतं तुम्हाला. काहीतरी बोलावंसं वाटलं होतं. पण ते जे म्हणाले तेच मी सांगितलं. माझं काही चुकलं का?"

चुकलं म्हणावं तर ते खरं नव्हतं. बरोबर म्हणावं तर बाईंची जीभ उचलत नव्हती.

"मला लेकीला कळवायचंय," त्या म्हणाल्या. "नंतर बोलू."

लेकीला फोन लागला तेव्हा ती कामावर होती, मागे माणसांचा आवाज होता. बाईंनी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, कारण ही बातमी लांबवायची नसते, हे त्यांनी शेकडो घरांना सांगताना बघितलं होतं. पलीकडे लेक कुठेतरी चालत गेल्यासारखी वाटली, दार लागलं, मागचा आवाज बंद झाला. ती रडत होती तोवर बाई थांबल्या.

"आई," लेकीने विचारलं, "खूप दुखलं का गं बाबांना?"

बाईंनी डोळे मिटले. पलंगाच्या कडेला वाकून बसलेली ती पाठ त्यांना दिसली, मानेवरचा घाम दिसला. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचं दुखणं गुंजभर वाढवलं नव्हतं, गुंजभर कमी केलं नव्हतं.

"नाही गं बाळ," त्या म्हणाल्या. "फारसं नाही दुखलं. तू हळू ये, घाई करू नकोस." आणि फोन ठेवून त्या बूट पिशवीत घालायला लागल्या.